सर्व्हर उठला, सेवा उठेना

परंड्याच्या तहसील कार्यालयात असो की बाजारपेठेतल्या एखाद्या सेवा केंद्रात, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, लाडकी बहीणची ई-केवायसी यांपैकी कुठल्याही कामाला गेलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडते: ‘सर्व्हर डाउन आहे, दुपारून या.’ हे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. डोमगावहून किंवा सोनारीहून आलेला माणूस कुठेतरी सावलीला बसतो, दुपारी पुन्हा चौकशी करतो आणि ‘चालू झालाय, पण लई स्लो आहे’ हे दुसरे वाक्य ऐकतो. माझे म्हणणे या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. पहिल्यावर सरकार, कंत्राटदार, विरोधी पक्ष सगळेच बोलतात. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. पण लोकांचा दिवस बुडतो त्यातला मोठा वाटा सर्व्हर बंद पडल्याचा नसतो, तो पुन्हा सुरू केल्यावर सेवा उभी राहायला लागणाऱ्या वेळाचा असतो. हा वेळ काही दैवाधीन नाही. त्याची कारणे मोजकी आहेत आणि ती सापडतात. ती शोधली जात नाहीत, कारण रीस्टार्ट केले म्हणजे दुरुस्ती झाली असा आपल्या कार्यालयांचा पक्का समज झालेला आहे.

रीस्टार्ट केल्यावर नेमके घडते काय? मशीनला वीज मिळते, ते आपली मेमरी आणि डिस्क तपासते, ऑपरेटिंग सिस्टीम वर येते, आणि मग ती डझनावारी लहानमोठ्या सेवा उठवू लागते: नेटवर्क, घड्याळ, डिस्कची जोडणी, डेटाबेस, वेब सर्व्हर आणि सर्वांत शेवटी ज्याच्यासाठी लोक रांगेत उभे आहेत ते दाखल्याचे किंवा नोंदणीचे सॉफ्टवेअर. यातली प्रत्येक सेवा दुसरीच्या भरवशावर असते. डिस्क जोडली गेल्याशिवाय डेटाबेस उघडत नाही, डेटाबेस उघडल्याशिवाय अर्जाचे पान येत नाही, आणि पान आले तरी आधारची पडताळणी करणारी यंत्रणा तिकडून उत्तर देईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. मशीन चालू झाल्याची खूण म्हणजे हिरवा दिवा. सेवा चालू झाल्याची खूण एकच, हातात पडलेली पावती. या दोन क्षणांत कधी दोन मिनिटांचे अंतर असते, कधी दोन तासांचे. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरच्या पडद्यावर या मधल्या काळात एक ओळ दिसते. अमुक एक सेवा सुरू होत आहे असे ती सांगते आणि शेजारी सेकंदांचे आकडे सरकत राहतात, बहुतेक वेळा ‘१ मिनिट ३० सेकंद’ या मर्यादेकडे. मर्यादा गाठली की ती सेवा अपयशी ठरवली जाते आणि मशीन तिचा नाद सोडून पुढे जाते. बघणाऱ्याला वाटते, बिचारे मशीन केवढे राबते आहे. त्या दीड मिनिटात ते बहुधा काहीच करत नसते. न येणाऱ्या कोणाची तरी वाट बघत असते.

निदानाची किल्ली याच वाट बघण्यात आहे. प्रत्येक सर्व्हर आपल्या उठण्याची नोंद ठेवतो. कोणती सेवा किती वाजून किती सेकंदांनी सुरू झाली, कधी तयार झाली, कुठे अडली, हे लॉगमध्ये ओळीओळीने उतरलेले असते. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आज ‘सिस्टमडी’ नावाची व्यवस्था हे काम बघते. तिला एक आदेश दिला की कोणत्या सेवेने किती वेळ खाल्ला याची उतरती यादी समोर येते, दुसरा आदेश दिला की कोण कोणामागे अडकले होते ती साखळी दिसते. या दोन आदेशांना मिळून मिनिटही लागत नाही. मुरलेला तंत्रज्ञ ओळींच्या आधी ओळींमधली अंतरे वाचतो. खऱ्या कामाला लागणारा वेळ वेडावाकडा असतो: ३७ सेकंद, ५२ सेकंद, १०४ सेकंद. ताटकळण्याचा वेळ मात्र गोल असतो, कारण ‘इतका वेळ थांब, मग सोडून दे’ असे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. विंडोजमध्ये नव्याने उठणाऱ्या सेवेला ‘मी जागी झाले’ असे कळवायला ३० सेकंदांची मुदत असते. नावावरून पत्ता शोधणारी लिनक्समधली यंत्रणा उत्तर आले नाही तर ५ सेकंद थांबून पुन्हा विचारते. सिस्टमडीची सर्वसाधारण मुदत ९० सेकंदांची, आणि नेटवर्क पूर्ण वर येईतो थांबणारी तिची एक सेवा १२० सेकंद थांबते. तेव्हा लॉगमध्ये दोन ओळींत बरोबर ९० सेकंदांची पोकळी दिसली, तर जास्त मेमरी विकत घेऊन ती भरणार नाही. कोणाची वाट पाहिली जात होती, एवढेच शोधायचे असते.

आणि ते शोधल्यावर जे सापडते ते बहुधा हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक असते. दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या यंत्राचा पत्ता यादीत तसाच राहिलेला असतो आणि प्रत्येक रीस्टार्टला सर्व्हर आधी त्यालाच हाक मारतो. मशीनला दोन नेटवर्क कार्डे असतात, एकाला केबलच नसते, तरी दोन्ही वर आल्याशिवाय पुढे जायचे नाही असे लिहून ठेवलेले असते. इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेले मशीन आपल्याच सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र रद्द तर झाले नाही ना, हे विचारायला बाहेर जाऊ पाहते आणि भिंतीवर डोके आपटत राहते. कुठे क्रम चुकलेला असतो: अर्जाचे सॉफ्टवेअर डेटाबेसच्या आधी उठते, डेटाबेस सापडला नाही म्हणून पडते आणि ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करत राहते. विंडोजवर काही सेवा मुद्दाम दोनेक मिनिटे उशिरा सुरू करण्याची सोय आहे. कोणीतरी कधीतरी नेमकी महत्त्वाचीच सेवा त्या यादीत टाकलेली असते. यातले एकही दुखणे रीस्टार्टने जात नाही, उलट प्रत्येक रीस्टार्टला ते नव्याने भोगावे लागते. ‘अजून एकदा बंद करून चालू करा’ या सल्ल्याने वेळ दुप्पट होण्यापलीकडे काही होत नाही.

उठायला लागणारा सगळाच वेळ असा फुकटचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. वीज अचानक गेली आणि डेटाबेस अर्ध्या कामात बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना तो आपली कच्ची वही काढतो. कोणते व्यवहार पुरे झाले होते, कोणते अर्धवट राहिले, हे एकेक तपासतो, पुरे झालेले पक्के करतो, अर्धवट राहिलेले मागे घेतो. फेरफाराची नोंद अर्धी लागून राहू नये म्हणून हे काम व्हायलाच हवे, आणि ते चालू असताना घाई करून पुन्हा बटण दाबणाऱ्याच्या हाती, झालेले काम पहिल्यापासून करायला लावण्याचे पुण्य तेवढे लागते. दुसरे काम स्मरणाचे. चालू असलेला डेटाबेस वारंवार लागणारी माहिती मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे शंभरातले बहुतेक सातबारे डिस्कला हात न लावता मिळतात. रीस्टार्टनंतर ही मेमरी रिकामी असते. पहिल्या हजारो चौकशा थेट डिस्कवर जातात आणि सगळे संथ वाटते. यावरही उपाय आहे. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस बंद होताना कोणती पाने मेमरीत होती त्याची यादी लिहून ठेवतो आणि उठल्यावर ती पुन्हा भरून घेतो, ५.७ या आवृत्तीपासून ही सोय आपोआप चालू असते. पण ती बंद होताना लिहिली जाते. वीज तोडून ‘रीस्टार्ट’ केलेल्या मशीनला लिहायला सवड कुठली? यूपीएसची बॅटरी संपलेली ठेवणे आणि मग सर्व्हर संथ म्हणून बोंब मारणे, या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच छताखाली सुखाने नांदतात.

तिसरे कारण सर्व्हरच्या बाहेर आहे, आणि ते समजायला परंड्याच्या शेतकऱ्याला कोणा इंजिनिअरची गरज नाही. गेलेली लाइट रात्री येते तेव्हा डीपी का जळतो, हे तो जाणतो. प्रत्येक मोटारीला ऑटोस्विच लावलेला असतो. वीज येताक्षणी त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच दमात सुरू होतात, सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, आणि जो डीपी त्या सगळ्या मोटारी चालू अवस्थेत कसाबसा पेलत होता तो त्यांच्या एकत्र सुरू होण्याने बसतो. महावितरण वर्षानुवर्षे ऑटोस्विच काढायचे आवाहन करते ते यासाठीच. सर्व्हर परत आला की हेच होते. तासभर अडकलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक केंद्रचालक, प्रत्येक मोबाइल त्याच मिनिटाला दार ठोठावतो. उत्तर आले नाही की पान पुन्हा लोड करतो, म्हणजे मागचा अर्ज रांगेत असतानाच त्याच माणसाचा दुसरा अर्ज रांगेत शिरतो. नुकता उठलेला, मेमरी रिकामी असलेला, कच्ची वही तपासून दमलेला सर्व्हर या लोंढ्याखाली पुन्हा बसतो. मग कोणीतरी त्याला पुन्हा रीस्टार्ट करतो.

हा लोंढा केवढा असू शकतो याचा हिशेब कागदावर मांडता येतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी १८ सप्टेंबर २०२५ पासून दोन महिन्यांत करायची असे सरकारने जाहीर केले. लाभार्थी दोन कोटींहून अधिक. दोन कोटी धरले आणि रोज बारा तास काम चालले असे मानले, तरी दिवसाला सव्वातीन लाखांहून अधिक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ आठ स्त्रिया. आणि प्रत्येकीला स्वतःची व पतीची किंवा वडिलांची अशी दोन आधार पडताळण्या. सर्व्हर एक तास बंद राहिला तर सत्तावीस-अठ्ठावीस हजार जणी दाराशी साठतात. पण माणसे सरासरीने वागत नाहीत. निम्म्या जणी शेवटच्या आठवड्यावर गेल्या, तर तोच आकडा सेकंदाला तेहतीसवर जातो, आणि तेव्हा तासाभराचा खंड म्हणजे लाखाहून अधिक जणी. ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाल्या आणि मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. याच दिवसांत परंड्यावर काय गुदरले होते ते आठवून पाहावे. २२ सप्टेंबरच्या सुमारास अतिवृष्टी आणि सीनेच्या पुराने तालुक्यातली गावे वेढली गेली, माणसांना हेलिकॉप्टरने आणि एनडीआरएफच्या बोटींनी बाहेर काढावे लागले. पाणी ओसरल्यावर पंचनामे, मग भरपाईच्या याद्या, मग त्या यादीतल्या विशिष्ट क्रमांकावर आधार पडताळणी. ज्यांच्याकडे ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना पुढे यातून सूट मिळाली, हे बरे झाले. तरीही ज्या घरातल्या शेतकऱ्याला भरपाईसाठी अंगठा द्यायचा होता त्याच घरातल्या बाईला त्याच केंद्रावर, त्याच आधार यंत्रणेतून लाडकी बहीणच्या दीड हजारांसाठी पडताळणी करायची होती. दोन खात्यांनी आपापल्या मुदती ठरवताना एकमेकांना विचारले असेल असे त्या तारखांवरून तरी दिसत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते ते मोठ्या सर्व्हरचे. सरकारकडे पैसा नाही, यंत्रे जुनी आहेत, क्षमता वाढवली की प्रश्न मिटेल. हे अगदीच खोटे नाही. सेकंदाला तेहतीसचा भार आठ पेलणाऱ्या यंत्रावर टाकून कोणतीही चतुराई चालणार नाही. पण क्षमतेचा प्रश्न आणि उठण्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जगात सर्वाधिक क्षमता ज्यांच्याकडे आहे त्यांनाही दुसरा सुटलेला नाही. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या दुपारी आपल्या घड्याळाने बाराच्या सुमारास अमेझॉनचे व्हर्जिनियातले क्लाउड केंद्र कोलमडले. मूळ बिघाड पत्त्यांच्या नोंदवहीतला होता आणि तो तीन तासांच्या आत दुरुस्त झाला. तरी सगळे पूर्ववत व्हायला चौदा तासांहून अधिक लागले. मधल्या काळात नवी यंत्रे चालू करून देणाऱ्या यंत्रणेपुढे साठलेले काम इतके होते की एक काम पुरे होईतो त्याची मुदत संपून ते पुन्हा रांगेत जाई. रांग पुढे सरकेचना. अखेर अभियंत्यांनी नव्या मागण्यांना लगाम घातला, अडकलेली यंत्रे निवडून निवडून रीस्टार्ट केली, आणि मग गाडी हलली. पैसा, यंत्रे, माणसे यांपैकी कशाचीच वाण नसलेल्या ठिकाणी दुरुस्तीला तीन तास आणि उठायला त्यानंतरचे अकराहून अधिक. महाराष्ट्राने दुप्पट यंत्रे घेतली तरी परत येण्याची रीत ठरवली नाही तर रांग तशीच राहील.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा दुसरा पक्ष आहे, आणि तंत्रज्ञांमध्ये तो सरकारी बाबूंपेक्षा कमी प्रबळ नाही. चालू सर्व्हर मुद्दाम कशाला बंद करायचा? रीस्टार्ट हाच जर धोका असेल तर तो टाळावा, हे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते. याला उत्तर म्हणून अमेझॉनच्याच घरातले २८ फेब्रुवारी २०१७ चे उदाहरण आहे. बिलिंग यंत्रणा संथ का चालते हे शोधताना एका कर्मचाऱ्याने दिलेल्या आदेशात चूक झाली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. साठवणुकीच्या सेवेतल्या दोन मुख्य यंत्रणा पूर्ण रीस्टार्ट कराव्या लागल्या. चार तासांहून अधिक वेळ गेला. नंतर कंपनीने स्वतःच जाहीर सांगितले की मोठ्या केंद्रांमध्ये या यंत्रणा कित्येक वर्षांत पूर्णपणे रीस्टार्ट केलेल्याच नव्हत्या. दरम्यान पसारा अफाट वाढला होता, आणि तपासण्यांसह उठायला अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ लागला. रीस्टार्ट टाळल्याने त्याचा वेळ कमी होत नाही. तो न मोजता वाढत राहतो आणि सर्वांत वाईट दिवशी कळतो. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवायच्या तर रीस्टार्ट अटळच आहे. मग तो दर महिन्याला, रविवारी पहाटे, घड्याळ लावून, यादी हातात धरून करावा; सेवा उठायला किती वेळ लागला ते लिहावे; मागच्या महिन्यापेक्षा वेळ वाढला तर का वाढला ते त्याच आठवड्यात शोधावे. मुदत संपण्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता पहिल्यांदा ही परीक्षा देणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

२०१७ च्या त्या घटनेतली आणखी एक बाब आपल्याकडच्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. सेवा चालू आहे की बंद हे लोकांना दाखवणारा अमेझॉनचा फलक त्याच बंद पडलेल्या सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे बराच वेळ तो बदलताच येत नव्हता. आपल्याकडे तर असा फलकच क्वचित असतो. असला तरी मशीन चालू आहे की नाही एवढेच तो सांगतो. इथे माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक लोकसेवा संकेतस्थळाने, वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेल्या एका साध्या पानावर, तीन वेळा जाहीर कराव्यात: सेवा केव्हा थांबली, मशीन केव्हा सुरू झाले, आणि त्यानंतर पहिली पावती केव्हा निघाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतले अंतर हीच खरी दुखरी जागा. ते एकदा चव्हाट्यावर आले की कंत्राटदाराला ‘सर्व्हर तर पाच मिनिटांत चालू केला’ असे म्हणून सुटता येणार नाही. आज त्याच्या करारातली उपलब्धतेची टक्केवारी मशीन जिवंत आहे की नाही यावर मोजली जात असेल, तर ती पावतीवर मोजली जावी.

यावर सुरक्षेचा आक्षेप येईल: अशा वेळा जाहीर केल्या तर हल्लेखोरांना आयतीच माहिती मिळेल. सेवा बंद आहे हे हल्लेखोराला पान उघडून कळतेच. जे त्याला कळू नये ते म्हणजे कोणती आवृत्ती, कोणता पत्ता, कोणती फट. ते जाहीर करा असे कोणी म्हणत नाही. कारण सापडत नाही, ही सबबही टिकणारी नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसह सर्वांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळवायची आहेत. म्हणजे गेल्या सहा महिन्यांत परंड्यातली रांग कोणत्या यंत्राच्या कोणत्या ९० सेकंदांमुळे खोळंबली, हे सांगणारा कागद कुठेतरी असायलाच हवा. तो कोणी उघडून वाचतो का, एवढाच प्रश्न उरतो. ‘आमच्या हातात काही नाही, आधार दिल्लीहून चालते’ या सबबीचेही उत्तर त्याच लॉगमध्ये आहे. आधारकडून उत्तर यायला किती वेळ लागला आणि आपल्याच सॉफ्टवेअरने किती वेळ खाल्ला, हे तिथे वेगवेगळे दिसते. खरोखरच दिल्लीकडे खोळंबा असेल तर राज्याने तो आकडा घेऊन भांडावे. नसेल तर दिल्लीचे नाव घेणे थांबवावे.

कायद्यातली एक पळवाट मात्र मला सर्वांत जास्त खटकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा चांगला कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्याखाली ठरते, उशीर झाला तर अपील करता येते आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण या कायद्याचे घड्याळ रीतसर अर्ज पोहोचल्यापासून चालू होते. अर्ज भरताच आला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. पूर्वी कागदी अर्ज आवक-जावक टेबलावर टाकला की शिक्का मिळे आणि तारीख लागे. आज शिक्का सर्व्हरच्या हातात आहे, आणि सर्व्हर उठेपर्यंतचा नागरिकाचा सगळा वेळ कायद्याच्या लेखी घडलेलाच नसतो. कार्यालयाची आकडेवारी त्यामुळे निर्मळ राहते, मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांची टक्केवारी फुगते. केंद्रावर आलेल्या माणसाचे नाव, सेवा आणि वेळ ऑफलाइन टिपून घेऊन तीच अर्जाची तारीख धरावी, आणि सेवा जितका वेळ बंद किंवा पावती न देण्याइतकी संथ होती तितकी मुदत योजनेच्या अखेरच्या तारखेला आपोआप जोडली जावी. आज मुदतवाढ मंत्र्यांच्या समाजमाध्यमावरच्या संदेशातून, शेवटच्या दोन दिवसांत मिळते. तोवर लोक रात्र रात्र केंद्रावर काढतात आणि तो लोंढा सर्व्हर आणखी बसवतो. मुदत वाढणार हे आधीच ठाऊक असेल तर माणूस घाई करणार नाही, म्हणजे यातून सर्व्हरवरचा भारही उतरेल. ऑटोस्विच काढण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जोडीला केंद्रनिहाय किंवा आधारच्या शेवटच्या अंकानुसार वार ठरवून द्यावेत, आणि पान उघडले नाही तर आपोआप पुन्हा प्रयत्न करणाऱ्या ॲपला प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, आणि दर मोबाइलला वेगवेगळे, थांबायला शिकवावे. ही काही नवी विद्या नाही.

मग सगळे पुन्हा कागदावरच आणा, असे म्हणणाऱ्यांचा वैताग समजतो, पण त्यांच्याशी मी सहमत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि पंधरा रुपयांत, तलाठ्याची वाट न बघता, कुठूनही काढता येऊ लागला. बार्शीत दवाखान्यात बसलेल्या माणसाला परंड्याचा उतारा तिथेच मिळतो, ही सोय सोडून द्यायची काही गरज नाही. कागद हवा तो आडवळणाच्या वाटेसाठी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे उठेनाशी झाली, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देऊन विमाने सोडली गेली. त्याच महिन्यात राज्यातल्या रेशन दुकानांतली ई-पॉस यंत्रे सर्व्हरपायी अडली, तेव्हा धान्यवाटप ऑफलाइन करायला मुभा द्यावी लागली. विमानतळावर ही सोय काही तासांत अमलात आली. रेशनच्या रांगेतल्या माणसाला तिच्यासाठी वरून आदेश निघेपर्यंत थांबावे लागले. सेवा अमुक मिनिटांत पावती देण्याइतकी उठली नाही तर कागदावर काम सुरू करण्याचा अधिकार तालुक्यातच असावा, आणि ती मिनिटे आधीच लिहून ठेवलेली असावीत.

मुंबई हे सगळे केव्हा करील ते करो. परंड्याच्या तहसीलदारांना आणि केंद्रचालकांना काही गोष्टींसाठी तिची परवानगी लागत नाही. केंद्रातल्या संगणकाला नीट चालणारी यूपीएस हवी, आणि वीज गेल्यावर तो रीतसर बंद करायची शिस्त हवी. सकाळी संगणक उघडल्यावर अर्धा डझन अनावश्यक सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत असतील तर ती बंद करावीत. केंद्रातला संथपणा कित्येकदा दूरच्या सर्व्हरचा नसून समोरच्याच खोक्याचा असतो आणि दोष मात्र न दिसणाऱ्याच्या माथी मारला जातो. आणि प्रत्येक केंद्रात एक साधी वही ठेवावी: तारीख, कोणते संकेतस्थळ, किती वाजता थांबले, किती वाजता पान उघडले, किती वाजता पहिली पावती निघाली, तेव्हा रांगेत किती माणसे होती. तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांच्या वेळा जुळल्या तर बिघाड वर आहे, एकाच केंद्रात असेल तर खाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात धाराशिवच्या आठही तालुक्यांच्या या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर महाआयटी या राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेला पाठवायच्या पत्रात ‘सर्व्हर वारंवार डाउन असतो’ या वाक्याऐवजी तारखा आणि मिनिटे घालता येतील, आणि त्या पत्राला उत्तर देणाऱ्याला लॉग उघडावाच लागेल.